मोटरचा नंबर आणि हर्षलची सोयरीक

वरवट बकाल,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप अविनाशदादा,

धाकट्या संजीवनीचा तुमच्या आणि योगिनीवहिनींच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वहिनींनी साखर खरंच सोडली की नुसती सांगायला सोडली, ते कळवावं. फोन सोडून पत्र काऊन लिहिते म्हणाल, तर आमच्या घरी दोन मिनिटांच्या वर फोनवर बोलायला बंदी आहे. ती तुमच्या जवाईबापूंनी घातली. पत्रावर बंदी घालायचं त्यांना अजून सुचलेलं नाही, म्हणून सुचायच्या आत सगळं लिहून घेते.

दिवाळीला तुम्ही मोठ्या प्रेमानं यांच्यासाठी विहिरीवरच्या मोटरचा मोबाईल स्टार्टर आणला. (देव तुमचं भलं करो. हे मी रागानं लिहिलेलं नाही.) आधी विजेची लाइन आली की हे फटफटीवर शेतात जायचे, बटण दाबायचे, बांधावर चार लोकांशी बोलायचे आणि जेवायच्या वेळेला घरी यायचे. आता ओसरीवर बसून मोटरला फोन लावायचा, की आतून एक बाई बोलते, "मोटर बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन दाबा." एक दाबलं की तिकडे शेतात पाणी सुरू. लाइन नसली की म्हणते, "थ्री फेज उपलब्ध नाही." पहिल्या दिवशी यांनी अख्ख्या गल्लीला ती बाई ऐकवली आणि मला म्हणाले, "पाह्य, किती मोजकं बोलते. शिक काही." इतक्या वर्षांच्या संसारात मी कोण्या बाईवर जळले नाही, ती आता मोटरवर जळायची वेळ आली.

पण दादा, वेळ वाचवायची चटक तंबाखूहून वाईट. शेतात जायचा वेळ वाचला, तर यांना उरलेलाही वाचवावासा वाटू लागला. दिवसभराचा चहा सकाळीच करून थर्मासात भरायचा (संध्याकाळी त्याला गुळवेलीच्या काढ्याची चव येते). कुकरमध्ये खाली वरण, मध्ये भात आणि वरच्या डब्यात यांचं दाढीचं पाणी. बटणं लावण्या-काढण्यात माणसाचं आयुष्य जाते म्हणून सदऱ्यांची बटणं कायमची शिवून घेतली आणि सदरा डोक्यावरून घालू लागले. परवा ग्रामपंचायतीपुढे आत मुंगळा शिरला, तर सदरा काही निघेना. डोकं आत, हात वर आणि आतून आरडाओरडा. कोणी सोडवायला गेलं नाही, कारण लोकांना वाटलं योगासनाचं शिबिर सुरू झालं. हल्ली तर वाक्यंही अर्धीच बोलतात. "अवं, ते आण," म्हणतात. ते म्हणजे काय, हे शोधण्यात माझी दुपार जाते, पण ती दुपार माझी असल्यामुळे हिशेबात धरत नाहीत.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्यात तुमचा भाचा हर्षल सापडला. पोरगा तिशी ओलांडून गेला. जळगाव जामोदला ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, घरचं शेत आहे, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही, पण नवरदेव शेतीही करतो म्हटलं की मुलीकडचे कपातला चहा अर्धा ठेवून उठतात. पाहुणे गेले की पोरगा तेवढे कप उचलून आत आणून ठेवतो. म्हणून यंदा नवा बायोडाटा करायचं ठरलं, आणि ते काम यांनी घेतलं. टायपिंगच्या दुकानापुढे फटफटी चालूच ठेवून हे उभे राहिले. दुकानातल्या बाईंनी संपर्काचा नंबर विचारला, तर खिशातला फोन पुढे केला आणि म्हणाले, "पहिलाच नंबर टाका." आता फोनमध्ये पहिला नंबर कोणाचा, तर मोटरचा. शोधायला वेळ जाऊ नये म्हणून यांनी तो नुसत्या 'अ' नावानं ठेवलेला! छापलेलं वाचून पाहायलाही वेळ गेला असता, म्हणून कोणी वाचलं नाही, आणि समाजाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या ग्रुपांवर बायोडाटा एकाच दमात जाऊन पडला.

मग आम्ही फोनची वाट पाहत बसलो. हे म्हणायचे, लोकांजवळ आजकाल वेळ नाही. तिकडे शेतात मोटर कधीही चालू व्हायला लागली. (त्या यंत्रात घरचेच नंबर भरून ठेवायची सोय आहे म्हणे. पण ते भरत बसायला लागते, म्हणून यांनी ते सोडून दिलं होतं.) आमचा गहू पिऊन पिऊन कंटाळला आणि पाणी बांध फोडून शेजारच्या नारायणरावांच्या हरभऱ्यात शिरलं. नारायणराव ओसरीवर येऊन उभे. "पंजाबराव, तुमचं पाणी माह्या हरभऱ्यात काऊन येऊन राह्यलं?" हे म्हणाले, आम्ही मोटर लावलीच नाही. दोघं तावातावानं विहिरीवर गेले, तर यांच्या डोळ्यांदेखत मोटर आपोआप घरघरली. यांनी टोपी काढून मोटरला हात जोडले. म्हणाले, भानामती. नारायणराव म्हणाले, "लाइनीचं टाइमटेबल पाहून येणारं भूत म्या तं पाह्यलं नाई."

त्याच रविवारी वडनेर भोलजीचे गोविंदराव, त्यांची बायको आणि मुलगी सुचिता, न कळवता दारात. घरात शेवही नव्हती आणि नारायणराव भांडायला बसलेलेच होते. पाणी देता देता मी म्हटलं, एक फोन तरी करायचा. गोविंदराव चकित. "चार खेपा केला न बाई! तुमच्या हापिसातली बाई म्हणे एक दाबा, म्या दाबलं. मंग कोणी बोललंच नाई. काल तं म्हणे थ्री फेज उपलब्ध नाही. आमाले वाटलं पाहणं, बोलणी आन् लगन अशा तीन फेज असतीन. तिन्ही उपलब्ध नाई म्हणल्यावर म्हणलं, घरीच जाऊन इचारू."

हर्षलनं बायोडाटा हातात घेऊन नंबर वाचला आणि कागद यांच्या पुढ्यात धरला. सुचितानं तोंडाला पदर लावला, पण हसू काही थांबेना. तिला पहिल्या फोनलाच कळलं होतं. त्यांच्याही शेतात तसलीच बाई आहे, पण तिला फोन लावायचं काम सुचिताचं. मग बापाला सांगितलं काऊन नाही, विचारलं, तर म्हणाली, "जे पोराच्या जागी मोटरचा नंबर देतात, ते घर मले एकदा पाहाचंच होतं. आन् खरं सांगू का काकू, दोन खेपा म्या पण एक दाबलं."

नारायणराव ताडकन उठले. "म्हणजे माह्या हरभऱ्यात पाणी ह्या पोरीनं सोडलं?" दादा, जमत आलेली सोयरीक हरभऱ्यात बुडते, असंच वाटलं. गोविंदराव बायकोला चपला शोधायला सांगू लागले. तेवढ्यात सुचिताच्या आईनं नारायणरावांना हळूच विचारलं, तुमच्या आईचं माहेर कोणतं. (आपल्याकडे कोणतंही भांडण इथपर्यंत आलं की मिटतं.) तर नारायणरावांची आई आणि या बाईंची आई दोघी पिंपळगावच्या, एका भावकीतल्या! नारायणराव खाली बसले, चहा मागितला आणि म्हणाले, "मंग तं पोरगी माही भाचीच झाली. जा, भाचीसाठी हरभऱ्यावर पाणी सोडलं म्या."

यांना लगेच चेव आला. सगळे जमलेच आहेत तर सुपारी, साखरपुडा आजच उरकून टाकू, म्हणाले. सुचिता सरळ म्हणाली, "काका, घाई असंल तं मोटरचं उरकून घ्या. मले ह्यायच्याशी बोलाचं हाय." मग ती आणि हर्षल अंगणातल्या निंबाखाली बसले. हे घड्याळ पाहत येरझाऱ्या घालत होते आणि ते दोघं बोलतच होते. आमच्या हर्षलला इतकं बोलता येते, हे मला त्या दिवशी कळलं. उठताना तिनं होकार दिला. त्या वेळी कप मीच उचलले, दादा, आणि आत जाऊन थोडी रडले.

लग्न वैशाखात आहे. तुम्ही दोघं आठ दिवस आधी या. वहिनींना सांगा, पुरणाचं त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही.

तुमची,
संजीवनी

ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. वाचलेल्या वेळात हे घरीच बसून असतात आणि लग्नाच्या प्रत्येक कामात वेळ वाचवून देतात. काल पापडाचं पीठ आणि शेवयांचं पीठ एकत्र मळून दिलं. यांना काहीतरी निमित्त काढून महिनाभर तुमच्याकडे ठेवून घ्या. मी बोलले हे कळू देऊ नका. बोलावणं लवकर पाठवा.

ता. क. २. अविनाशराव, सा. न. संजीवनी पाकीट चिकटवायला डिंक आणायला गेली तेवढ्यात पत्र वाचलं. वेळ वाचावा म्हणून पहिली आणि शेवटची ओळच वाचली. सगळे ठणठणीत आहेत व बोलावणं लवकर यावं, एवढं समजलं. वाट पाहण्यात दोघांचा वेळ कशाला? शुक्रवारच्या गाडीनं निघतो. महिनाभर राहीन. संजीवनीलाही घेऊन येतो, तिला इथं काय काम आहे. आ. पंजाबराव.