डॅमेज किती?

ताईला आणि दाजींना धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

इथल्या हॉटेलात जेवण झालं की गिऱ्हाइकं मला हसून विचारतात, "डॅमेज किती?" मला वाटलं, मी बशा फोडतो अशी आचाऱ्याने चुगली केली. मी ठणकावून सांगायचो, "काहीच नाही!" मग ते खूश होऊन उठायलाच लागायचे. नंतर कळलं, डॅमेज म्हणजे बिल.

परवा तेलाने उजवा हात जरासा भाजला. आईला वाचून दाखवताना हे गाळ. मालक गोड हसून म्हणाला, "तुझं डॅमेज बघू." तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. दाजींना विचार, हा भरपाई देणार की सांडलेल्या तेलाचं बिल लावणार?

अक्षर खोलीतल्या सोबत्याचं आहे. त्यावरून काही अर्थ काढू नकोस.

तुझाच,
धाकटा