एकशे सव्वीसपैकी बाबांचे किती

मी, इंदुमती श्रीधर कारखानीस, वय वर्षे एकोणनव्वद, राहणार वेस्ट विंडसर, न्यू जर्सी, माझ्यामागे काय कुणाचं, हे या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. याआधीची दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. मी रागात आहे हे खरं. पण रागावलेली म्हातारी म्हणजे भ्रमिष्ट म्हातारी नव्हे, हे माझा भाचा विक्रम याने ध्यानात ठेवावं, कारण तो तसं म्हणायला कमी करणार नाही. वकिलांनी कलम चारपासून पुढचं सगळं गाळा म्हणून सांगितलं. मी गाळणार नाही.

१. राहतं घर आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी सुनेत्रा हिला. तिने ते विकलं तरी चालेल. मागचं कढीपत्त्याचं झाड मात्र कुंडीसकट आत नेणाऱ्याच्या हाती द्यावं, इथल्या थंडीत ते बाहेर एक रात्र टिकत नाही.

२. कै. श्रीधर यांची हत्यारं, म्हणजे करवत, पाने आणि ड्रिल, शेजारच्या कुमारला. तशीही निम्मी त्याच्याच गराजमध्ये आहेत.

३. मंडळाच्या गणपतीला नेलेलं माझं मोठं पातेलं मंडळातल्याच रेणूने अकरा वर्षांत परत केलेलं नाही. ते तिलाच राहू दे. पण तिने ते ठेवून घेतलं आहे, याची इथे नोंद असावी.

४. आता माझ्या वडिलांविषयी. गजानन बळवंत टिपणीस, जन्म १९०३. पहिलं महायुद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांनी कॉलेजात खेळायला लागले आणि दुसरं सुरू व्हायच्या आदल्या वर्षी गुडघ्याने दगा दिला म्हणून थांबले. सोळा-सतरा वर्षं खेळले, पण खेळाचा एक पैसा घेतला नाही. हौशी खेळाडू म्हणवून घ्यायचा बाणा होता. मग खायचं काय? म्हणून शिरवाड संस्थानच्या राजेसाहेबांनी त्यांना कोठीखात्यात कारकून करून ठेवलं. सकाळी तांदळाची पोती मोजायची आणि दुपारी राजेसाहेबांच्या संघातून खेळायचं. कप्तान अर्थातच राजेसाहेब. त्यांना बॅट उलटी दिली असती तरी फारसा फरक पडला नसता.

१९३१ च्या डिसेंबरात एका सामन्यात दोघं सलामीला गेले आणि दोघांनी मिळून एकशे सव्वीस केले. सिलोनला जाणारा संघ त्यावरून निवडायचा होता. दरबारच्या स्कोअररने वहीत लिहिलं: राजेसाहेब ६७, टिपणीस ५९. राजेसाहेब बोटीत बसले. बाबा दुसऱ्या दिवशी कोठीत हजर.

माझी आई यमुना त्या दिवशी मैदानावर होती. बायकांना बसायला बांबूच्या चिकाच्या पडद्याआड जागा असे. बाबांनीच तिला स्कोअर लिहायला शिकवलं होतं, आणि ती पडद्याआडून चेंडू न् चेंडू पेन्सिलीने लिहीत बसायची. तिच्या वहीत खाली बेरीज आहे: हे ११७, राजेसाहेब ९. घरी आल्यावर तिने ती वही बाबांपुढे ठेवली. बाबा म्हणाले, "मिटव ती. आपण त्यांचं मीठ खातो." त्यानंतर आई एकाही सामन्याला गेली नाही.

१९६६ साली मी अमेरिकेला निघाले तेव्हा आईने ती वही माझ्या लुगड्यांच्या घडीत सरकवली. "यांना सांगू नकोस," एवढंच म्हणाली.

५. विक्रम हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, राहणार फ्रिस्को, टेक्सस. क्रिकेट क्लब चालवतो. गेल्या मे महिन्यात त्याने आजोबांच्या नावाने चषक ठेवला आणि मला विमानाने बोलावून घेतलं. मी हुरळून गेले. तिथे जाऊन बघते तर स्टेजवर हा एवढा मोठा फोटो: राजेसाहेब खुर्चीत, बाबा खाली सतरंजीवर. स्मरणिकेत छापलेलं, "राजेसाहेबांचे जिवलग मित्र", आणि खाली तेच ६७ आणि तेच ५९. प्रमुख पाहुणा राजेसाहेबांचा पणतू ईशान, सांता क्लाराहून खास आणलेला. त्याला सोफा, मला फोल्डिंगची खुर्ची.

मी विक्रमला बाजूला घेतलं. "अरे, आजीची वही तुला मी स्कॅन करायला दिली होती ना?"

"आत्या, प्लीज. स्कोअरबुकमध्ये आहे ते ऑफिशियल. आजीची वही म्हणजे... बायकोने लिहिलेलं कोण धरणार? आणि पाहुण्यांसमोर ऑकवर्ड होईल यार."

आत्याला यार. बायकोने लिहिलेलं कोण धरणार म्हणे. त्या बाईने दिवसभर धुळीत बसून जे पाहिलं ते लिहिलं, आणि पगारी माणसाने त्याला सांगितलेलं लिहिलं, तर त्याचं ऑफिशियल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवण न करता हॉटेलवर गेले. त्या ईशानचा काही दोष नाही. लिफ्टपाशी त्यानेच विचारलं, "मावशी, खरंच किती केले होते त्यांनी?" अख्ख्या समारंभात हा प्रश्न त्याला एकट्यालाच पडला. मी छाती ठोकून सांगितलं, "एकशे सतरा."

६. ती वही माझी नात अनिका, सुनेत्राची मुलगी, हिला. वास्तविक ती मी तिला देणार नव्हते, कारण तिला मराठी आकडे वाचता येत नाहीत. पण जूनमध्ये ती दोन दिवस राहायला आली, माझ्याकडून एक ते नऊ शिकून घेतले आणि जेवणाच्या टेबलावर बसून एकेक चेंडू मोजला. मग म्हणाली, "आजी, धिस डझंट ॲड अप." एका चौकारापाशी आईने बारीक 'पा' लिहिला आहे. मी सांगितलं, पायाला लागून गेलेल्या धावा, त्या फलंदाजाच्या नसतात. "देन इट्स अ हंड्रेड अँड थर्टीन," अनिका म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. आईला खोटं ठरवतेस म्हटलं. ती रडली, पण आकडा बदलला नाही. ती झोपल्यावर मी स्वतः बेरीज केली, तीनदा. साठ वर्षं वही जिवापाड जपली, जो भेटेल त्याला एकशे सतरा सांगितलं, आणि एकदाही मोजलं नव्हतं. चेंडू नवऱ्याच्या गुडघ्यावर बसला तेव्हा आईने खरं ते लिहिलं, आणि बेरजेच्या वेळी ते चार त्याला देऊन टाकले. मला तिचा राग आला, आणि येत नाही असंही झालं. अनिकाची मी इथे माफी मागते. तोंडावर मागायला हवी होती, जमलं नाही. आईची बेरीज कुणी खोडू नये. तिच्याखाली अनिकाने आपली लिहावी.

७. माझ्याकडे असलेली बाबांची बॅट विक्रमला, एका अटीवर. पुढच्या चषकाच्या दिवशी त्याने माईकवर, मराठीत आणि इंग्रजीत, खरा स्कोअर वाचावा: टिपणीस ११३, राजेसाहेब ९, पायाला लागून ४. नाही वाचला तर बॅट सांता क्लाराला, ईशानला. त्याने निदान विचारलं तरी.

८. बाबा १९६८ साली गेले. त्याआधी मी एकदाच भारतात गेले होते, तेव्हा धीर करून विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुमचे किती?" ते म्हणाले, "एकोणसाठ. वहीत आहे ना." माझ्या डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाले, आणि स्वयंपाकघरात आईचा हात चालायचा थांबला. मला सगळ्यात जास्त राग विक्रमचा नाही, राजेसाहेबांचा तर नाहीच. माझा राग त्या उत्तराचा आहे. म्हणून इथे, दोन साक्षीदारांसमोर, देवाची शपथ घेऊन लिहिते: बाबा, तुम्ही एकशे तेरा केलेत. आता तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

सही: इंदुमती श्रीधर कारखानीस

साक्षीदार १: नीना देसाई, वेस्ट विंडसर
साक्षीदार २: संजय बोरकर, प्लेन्सबरो
(दोघांनाही यातलं काहीही मिळणार नाही, हे त्यांना माहीत आहे.)

स्थळ: वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५