रोजच्या वापरास योग्य

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मीराताई,

सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत कशी आहे, असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. खरं तर मला ती माहीत आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत आणि मधल्या दिवसांत झोप. भानुदास भाऊजी मजेत असतील असं लिहिणार होतो, पण तेही खोटंच होईल. सियाचा परवा मेसेज आला होता, ‘मामा, एनी अपडेट?’ मी तिला अंगठा पाठवला. तिने त्यातून काय समजायचं, कोण जाणे.

इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. उपासनाचं ऑफिस पुन्हा पाच दिवसांचं झालं. यशला गणितात बक्षीस मिळालं, पण तो सांगत नाही, आपणच त्याच्या बॅगेतून शोधायचं. समोरच्या टाउनहाउसमध्ये तेलुगू कुटुंब आलंय, त्यांनी डबाभर गोंगुरा, म्हणजे अंबाडीची चटणी, दिली. थंडी अजून नाही.

फोन सोडून पत्र का लिहितोय म्हणशील. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी ‘ताई, ऐक ना’ म्हटलं की तुझं ‘असू दे रे’ तयार असतं. लहानपणापासून मी तुझ्या या ‘असू दे रे’वर पोट भरत आलोय. पानं मुद्दाम लहान घेतली आहेत. एका हाताला सुई असताना दुसऱ्या हाताने धरता येतील.

गुरुवारी आश्लेषाचा फोन आला होता. तुमच्या रविवारच्या वंदनेला येणारी, अमरावतीकडची ती शिक्षिका. माझी तिची ओळख दोन वेळच्या जेवणापुरती, तरी बिचारी अर्धा तास बोलत होती. तिने स्वतःहून तपासणी करून घेतली, तिची किडनी तुला चालते असं डॉक्टर म्हणाले, आणि तू तिला नाही म्हणालीस. ‘माझा भाऊ देणार आहे, त्याच्या घरचं जरा अडलंय, निघेल मार्ग,’ असं म्हणालीस. ती मला विचारत होती, ‘दादा, नक्की कधी देताय? ताईंकडे बघवत नाही हो.’

मी तिला सांगितलं, बघतो.

त्या ‘बघतो’पासून चार दिवस मी हे पत्र मनात लिहितोय. आता सुरुवातीपासून सांगतो.

फेब्रुवारीत आपलं जुळतंय असा हॉस्पिटलचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये सिगरेट ओढत उभा होतो. ती तिथेच विझवली आणि पाकीट कचऱ्यात टाकलं. वीस वर्षांची सिगरेट मी तुझ्यासाठी एका दुपारी सोडली, आणि त्यानंतर आजवर एकही ओढलेली नाही. पुढचं वाचताना एवढं माझ्या बाजूने धर, कारण पुढे माझ्या बाजूने फारसं काही नाही.

पाचव्या दिवशी डोकं भणभणायला लागलं. यशने पाणी सांडलं म्हणून मी त्याच्यावर असा ओरडलो की तो रडलाही नाही, नुसता बघत राहिला. माझी अवस्था ओळखून ऑफिसमधल्या राजीवने खिशातून हायलायटर पेनाएवढं काहीतरी काढून हातात ठेवलं. व्हेप. ओढायचं आणि संपलं की फेकून द्यायचं. ‘यार, यात धूर नाही, तंबाखू नाही, नुसती वाफ,’ तो म्हणाला. मला तेवढंच ऐकायचं होतं.

आता तू मला ओळखतेस. कुकर घ्यायचा असला तरी मी आधी एक्सेलची शीट करतो. उपासनाला पसंत करण्यापूर्वी तिचीही शीट केली असशील, असं तू लग्नात सगळ्यांसमोर म्हणाली होतीस. सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये एकोणीस वर्षं काढलेला माणूस, चुका शोधण्याचाच पगार खातो. तर मी चार वेगवेगळे व्हेप आणले आणि दोन आठवडे त्यांची परीक्षा घेतली. रकाने केले. वास येतो का, खोकला येतो का, घशाला लागतं का, चार्ज किती दिवस टिकतो, मीटिंगमध्ये कोणाच्या लक्षात येतं का, उपासनाच्या लक्षात येतं का. पाचपैकी गुण दिले. त्यातला एक सगळ्यांत वरचढ ठरला, आणि शीटच्या तळाशी मी इंग्रजीत निष्कर्ष लिहिला, की हा प्रौढ माणसाच्या रोजच्या वापरास योग्य आहे. लिहून झाल्यावर मला चक्क समाधान वाटलं होतं.

बारा रकाने होते, ताई. हे सोडता येतं का, असा रकाना नव्हता. माझ्या हाताखालच्या कोणी अशी शीट आणली असती तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

सिगरेटला निदान उठून बाहेर जावं लागायचं. याला काहीच लागत नाही. सकाळी ब्रश करण्याआधी, बाथरूममध्ये, फ्रीवेवर ट्रॅफिक थांबला की, कॅमेरा बंद ठेवून मीटिंगमध्ये. सिगरेट संपते तरी. हे हजारो झुरके चालतं आणि आपण मोजत नाही. दोन महिन्यांत मी सिगरेटच्या काळात घेत होतो त्याहून जास्त निकोटिन घेत होतो. घरात वास नाही, राख नाही, खोकला नाही, त्यामुळे उपासना मला शाबासकी देत होती. मी ती घेत होतो.

मार्चमध्ये हॉस्पिटलच्या नर्सने फोनवर विचारलं, सिगरेट? मी म्हटलं, सोडली. दुसऱ्या कुठल्या रूपात निकोटिन? मी नाही म्हटलं. वाफेला कोण निकोटिन म्हणतं, असं मी स्वतःला समजावलं. खोक्यावर ते मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं.

आणि मग बुद्धपौर्णिमा, आधीच्या शनिवारी साजरी केलेली. पाच तासांचं विमान घेऊन मी तुझ्या श्रूजबरीच्या घरी आलो, चाळीस माणसं होती. तू आदल्या दिवशीच्या डायलिसिसने गळून गेलेली, तरी पांढरी साडी नेसून पुढे बसलीस. आपण सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. पाचवं शील, नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं, मी खणखणीत आवाजात म्हटलं. व्हेप झब्ब्याच्या खिशात होता आणि जोडलेल्या हातांच्या कोपराला लागत होता. नंतर भाऊजींनी उभं राहून सांगितलं की प्रफुल्ल मीराला किडनी देणार आहे. सगळे ‘साधु, साधु’ म्हणाले. एका आजींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्या दिवशी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की बाथरूममध्ये जाऊन मी चार झुरके घेतले.

जूनमध्ये रक्ताची तपासणी झाली आणि निकोटिन निघालं. भूल, टाके, जखम भरणं, सगळ्यालाच ते वाईट म्हणे. नर्सने फोनवर आवाज न चढवता सांगितलं, आठ आठवडे पूर्ण बंद करा, पुन्हा तपासू. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. इथे देणाऱ्याचे डॉक्टर वेगळे आणि घेणाऱ्याचे वेगळे असतात. माझं कारण माझ्या परवानगीशिवाय तुला कोणी सांगणार नाही. तुला फक्त कळेल, अजून तयारी झालेली नाही. देणाऱ्यावर दडपण येऊ नये म्हणून हा नियम आहे. चांगला नियम आहे. मी त्याच्या आड जाऊन बसलो.

ऑगस्टमध्ये पुन्हा निघालं. त्या वेळी मात्र मी खरंच धडपडलो होतो. सिगरेट सोडायच्या चिकटपट्ट्या लावता येत नव्हत्या, त्यातही निकोटिनच. साधं च्युइंगगम खाऊन दाढ दुखली. सतरा दिवस काढले आणि अठराव्या दिवशी गाडीच्या सीटखाली जुना व्हेप सापडला.

तेव्हाच तू फोनवर विचारलंस, ‘उपासना नाही म्हणते का रे?’ आणि मी म्हटलं, ‘घरी जरा बोलावं लागेल, ताई.’

एवढंच म्हणालो. पण पुढचं वाक्य तू भरून घेणार, हे मला माहीत होतं. आपल्याकडे भावाने बहिणीला काही दिलं नाही, तर वहिनीने अडवलं, हे कोणाला सांगावं लागत नाही. महिन्याभरात तुमच्या वंदनेच्या माणसांपर्यंत ते पोचलं. तू उपासनाचे फोन घेणं बंद केलंस. यशच्या वाढदिवसाला तिने तुला व्हिडिओ कॉल केला, तू कट केलास. ती यशला म्हणाली, ‘आत्या मशीनवर असेल.’ शनिवार होता. मी शेजारी बसून केक खात होतो.

इथे थांबतो. उरलेलं लिहायचं आहे, पण आज धीर होत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ताई, सोमवारी मी उपासनाला सगळं सांगितलं. वर लिहिलेलं वाचायला दिलं. ती डायनिंग टेबलवर बसून दोनदा वाचून गेली. मी म्हटलं, तुझ्यावरचा आळ काढण्यासाठी लिहितोय. ती म्हणाली, ‘माझं मी बघून घेईन. तू ताईंचं बघ. त्या तुझ्यासाठी थांबल्यात.’ मग तिने विचारलं, ‘आणि ऑक्टोबरचं? ते यात नाही.’

ऑक्टोबरमध्ये तपासणी झाली, एवढंच तिला माहीत होतं. तिने नुसतं विचारलं, आणि मी खाली बघितलं.

तिसरी तपासणी चौदा ऑक्टोबरला होती. ही तारीख तुला सांगायला नको. आपण शुभ-अशुभ मानत नाही, तरी त्या तारखेला आजोबा दीक्षाभूमीवर उभे होते हे मनात आलंच. या वेळी मी जिंकत होतो. तेवीस दिवस झाले होते. घाम, चिडचिड, हातांची थरथर, सगळं मागे पडलं होतं. मंगळवारी सकाळी तसंच जाऊन रक्त दिलं असतं तर ते साफ निघालं असतं आणि आज मी तुझ्या शेजारच्या खोलीत असतो.

आदल्या दिवशी हॉस्पिटलने ऑपरेशनची माहिती देणारा व्हिडिओ पाठवला. मी जेवणाच्या सुट्टीत तो बघितला. माणसाला कुशीवर कसं वळवतात, छिद्रं कुठे पाडतात, हजारांत किती जणांचं काय बिघडू शकतं. आकडा अगदी छोटा होता. माझ्या कामात एवढ्या आकड्याला मी हसून सही देतो.

चार वाजता मी पेट्रोल पंपावरच्या दुकानातून नवा व्हेप घेतला. तलफ आली म्हणून घेतला असता तर मी तुला तसंच सांगितलं असतं आणि तू ‘असू दे रे’ म्हणाली असतीस. तलफ नव्हती, ताई. हात स्थिर होते. मी गाडीत बसून मोजून तीस झुरके घेतले, आणि सकाळी निघताना आणखी दहा. तपासणीत कमी पडू नयेत म्हणून.

मी घाबरलो. एवढंच आहे ते. फेब्रुवारीत ऑपरेशन लांब होतं तेव्हा शूर होणं सोपं होतं. नंतर मला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं, चाळीस माणसांनी साधु-साधु म्हटलं होतं. नाही म्हणण्याचं काम मी त्या प्लास्टिकच्या नळकांड्याकडून करून घेतलं. रक्त देऊन बाहेर आलो तेव्हा मला किती महिन्यांनी हलकं वाटलं. भूक लागली. मी दोन डोसे खाल्ले. त्याच वेळी तू तिकडे झोपलेली असशील, मंगळवार होता.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, नर्सचा फोन आला. माझी फाइल बंद झाली आहे. पुन्हा उघडणार नाही. तुला फक्त ‘अजून तयारी नाही’ एवढंच माहीत आहे, कारण तुला खरं कळवायची परवानगी मी आजवर दिली नव्हती. आज सकाळी दिली.

व्हेप अजून आहे. ही पानं लिहिताना तो टेबलावरच आहे आणि तो मी किती वेळा उचलला ते मोजलेलं नाही. लपवायचं कारण उरलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर ओढतो. यश काल म्हणाला, ‘बाबा, दॅट्स अ व्हेप.’ मी हो म्हटलं.

उपासना हे पत्र स्वतः पोस्टात टाकणार आहे, एक दिवसात पोचणारं. मी टाकेन यावर तिचा विश्वास नाही. तिने मला बजावलं की माफी मागण्यात पान घालवू नकोस, त्यांना कामाचं लिही.

तर कामाचं. मी तुला किडनी देणार नाही. पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षी नाही. उपासनाने कधी अडवलं नव्हतं. फेब्रुवारीत ती एकदाच म्हणाली होती, मला भीती वाटते, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची रजा टाकली होती, तुझ्या आणि माझ्या दोघांच्या पथ्याचं करायला.

आश्लेषाचा नंबर या पानाच्या मागे लिहिला आहे. हे वाचताना एका हातात सुई असली, तर दुसऱ्या हाताने पत्र खाली ठेव आणि तिला फोन कर. भाऊजी येईपर्यंत थांबू नकोस. माझ्यावर रागवायला आणि रडायला नंतर खूप वेळ आहे, तो वेळ तुला मिळावा म्हणून सांगतो. तिला हो म्हण. आणि या वेळी, ताई, माझ्यासाठी ‘असू दे रे’ म्हणू नकोस.

जयभीम.

प्रफुल्ल

(नावाआधी ‘तुझाच’ लिहिलेलं नाही. ते राहून गेलेलं नाही.)