पहिल्या नवऱ्याबद्दल वाचक काय म्हणतात

३ मार्च, मंगळवार

आज तिचा फोटो पाहिला. पुस्तकाच्या पाठीवर! सात वर्षांनी.

विम्याच्या इमारतीतली लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकून बसली होती. आत कोणी नव्हतं, नशीब. दाराचा सेन्सर बदलला, दोनदा वरखाली करून पाहिली आणि सही घ्यायला खाली रिसेप्शनवर गेलो. तिथली मुलगी टेबलाखाली पुस्तक धरून वाचत होती. डोळे लाल. म्हटलं, काय झालं हो? तर म्हणे, "काही नाही दादा, लांडगा."

लांडगा!

मग तिनेच सगळं सांगितलं. एक बाई नवऱ्याचं घर सोडून जंगलाच्या कडेला राहायला जाते. तिथे एक माणूस भेटतो, तो पौर्णिमेला लांडगा होतो. दोघांचं जमतं. "काय सुंदर आहे हो लांडगा! आणि तो पहिला नवरा – नुसता दगड. खिशात स्क्रू घेऊन फिरतो. शर्ट धुवायच्या आधी तिने रोज खिसे चाचपायचे. जेवतो, ताट उचलतो, झोपतो. तोंडातून शब्द नाही."

माझा हात आपसूक खिशावर गेला. चार स्क्रू आणि एक वॉशर.

सहीसाठी जागा करायला तिने पुस्तक पालथं ठेवलं. पाठीवर ती. केस कापलेत. माहेरचं आडनाव लावलंय.

सही भलत्याच रकान्यात केली.

४ मार्च, बुधवार

पुस्तकाच्या दुकानावरून दोनदा गेलो. आत गेलो नाही.

५ मार्च, गुरुवार

पुस्तक वाचायची हिंमत नाही. पण लोक काय म्हणतात ते वाचायला काय हरकत आहे? दुपारच्या सुट्टीत गच्चीवरच्या मशीन रूममध्ये डबा उघडला आणि फोनवर शोधलं. दोनशे अकरा मतं! माझी बायको – माझी पूर्वीची बायको – दोनशे अकरा लोकांनी वाचली.

बहुतेक सगळे लांडग्यावर फिदा. 'उशाशी पुस्तक' नावाची एक बाई लिहिते, तिने ते तीनदा वाचलं आणि घरी नवऱ्याला विचारलं, तुम्हाला गुरगुरता येतं का? एक 'निवृत्त मास्तर' आहेत, त्यांनी दोनच तारे दिलेत. त्यांचा प्रश्न असा, की लांडगा होताना कपडे फाटतात, मग पुन्हा माणूस झाल्यावर अंगावर पँट कुठून येते? मला हसू आलं. एकटाच हसलो, मशीन रूममध्ये. हा प्रश्न तिलाही आधी पडला असता! असल्या बारीकसारीक गोष्टींवरून ती सिनेमा बघताना भंडावून सोडायची.

मग हसू थांबलं.

७ मार्च, शनिवार

आज नवऱ्याबद्दलची मतं वेगळी काढून वाचली. कोणी सांगितलं होतं? पण वाचली.

"त्याला नावसुद्धा दिलं नाही लेखिकेने, बरं केलं."

"अशी माणसं घराघरात आहेत. भिंतीला बोलावं आणि याला बोलावं, सारखंच."

"शेवटी लांडग्याने याला खाल्लं का नाही? एक तारा कमी." – हे 'कडक कॉफी'चं. खाली एकशे चाळीस जणांनी अंगठा दाखवलाय.

खोटं काय आहे त्यात? नव्हतोच मी बोलत. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना मी बाहेरून हाका मारून धीर देतो, घाबरू नका, मी इथेच आहे म्हणतो – अर्धा अर्धा तास बोलतो! घरात आलो की कुलूप. का, ते मला आजही सांगता येत नाही.

८ मार्च, रविवार

घरीच. पुन्हा फोन घेऊन बसलो.

सगळ्यात वर असलेलं मत हे आहे, पाठ झालंय: "बाळ गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जाणारा माणूस, माणूस तरी आहे का? त्यापेक्षा लांडगा बरा!"

मी त्या दिवशी कामावर गेलो नव्हतो.

११ मार्च, बुधवार

शेवटी पुस्तक घेतलं. दुकानदार म्हणाला, "मिसेससाठी का?" मी हो म्हटलं.

दोन दिवस सुट्टी टाकली. साहेबांना सांगितलं, पाठ धरलीय.

१२ मार्च, गुरुवार

वाचून झालं. एकोणिसाव्या प्रकरणावर पुस्तक मिटलं, तोंड धुऊन आलो, पुन्हा उघडलं. असं चार वेळा.

त्या प्रकरणात ती लांडग्याला सांगते, की माझं बाळ कुठे ठेवलंय ते मला माहीत नाही. कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं आणि नवऱ्याने नुसते खांदे उडवले असते तर मी तिथेच संपले असते. मग लांडगा तिची जुनी शाल हुंगतो आणि निघतो. ओढे ओलांडतो, रस्ते ओलांडतो. ती मागून धावते. एका भिंतीपाशी तो थांबतो आणि खाली बसतो. भुंकत नाही, ओरडत नाही. नुसता बसतो.

दोनशे अकरांपैकी निम्मे लोक या प्रकरणावर रडलेत. छान लिहिलंय म्हणतात. काय कल्पना आहे म्हणतात!

कल्पना नाही ती. ती दोन वर्षं मनातल्या मनात हेच विचारत होती आणि मी समोर बसून जेवत होतो.

१३ मार्च, शुक्रवार

लिहून टाकतो. इथे तरी.

ऑपरेशननंतर ती सहा दिवस शुद्धीत नव्हती धड. ताप उतरत नव्हता. बाळ पहिल्याच दिवशी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि कागदावर सही कुठे करायची ते दाखवलं. अंगावरचा शर्ट आदल्या दिवशीपासूनचा होता, त्याच्यावर तिचं रक्त होतं. म्हणून बाळाला नर्सकडे ठेवून आधी घरी गेलो. कपाटात एकच धुतलेला शर्ट होता, इस्त्रीचा. तो घातला. बाळाला असं कसं न्यायचं, घाणेरड्या कपड्यात?

गावाबाहेरच्या दफनभूमीत लहान मुलांची जागा वेगळी आहे, मागच्या भिंतीला लागून. रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाल्याने विचारलं, झोपलंय का? मी हो म्हटलं.

भिंतीपासून दुसरी ओळ, डावीकडून सहावं. मी स्वतः माती लोटली.

संध्याकाळी हॉस्पिटलात आलो तर तिचे डोळे उघडे. म्हणाली, "कुठे होतास?" बाहेर व्हरांड्यात तिच्या थोरल्या बहिणीने मला बजावलं होतं – "भाऊजी, तिच्यासमोर विषय काढायचा नाही. तिचं डोकं फिरेल. सगळं विसरू द्या तिला." ताई वयाने मोठ्या, त्यांना दोन मुलं, मला वाटलं त्यांना कळत असेल.

मी म्हटलं, "कामावर."

एवढंच. एक शब्द! तिने भिंतीकडे तोंड केलं. मग दोन वर्षं आम्ही त्या घरात राहिलो आणि मग ती गेली.

१५ मार्च, रविवार

एक मूर्खपणा केला. 'एक वाचक' नावाने मत लिहिलं. तीन तास लागले. हे असं –

"त्या दिवशी नवरा कामावर गेला असेलच असं नाही. बाळाला कोणीतरी न्यायला हवं होतं. तोच घेऊन गेला असेल. शर्ट त्यासाठी घातला असेल. परत आल्यावर त्याला खरं सांगता आलं नसेल. पुस्तक चांगलं आहे."

तारे किती द्यायचे ते कळेना. पाच दिले.

१६ मार्च, सोमवार

धुलाई!

"आले नवऱ्याचे वकील!"

"असेल, असेल, असेल. काका, पुस्तकात जे छापलंय त्यावर बोला."

"तुम्हीही खिशात स्क्रू ठेवता का?"

निवृत्त मास्तरांनी मात्र माझी बाजू घेतली. शक्यता नाकारता येत नाही म्हणतात. देव त्यांचं भलं करो. पण सगळ्यात खाली कोणी तरी एकच ओळ लिहिलीय, शिवी नाही, टोमणा नाही – "मग नंतरच्या दोन वर्षांत एकदाही सांगायला काय झालं होतं त्याला?"



१८ मार्च, बुधवार

विम्याच्या इमारतीत पुन्हा गेलो, महिन्याची तपासणी. रिसेप्शनवरची मुलगी उत्साहात. "दादा, त्या पुस्तकावर कोणी तरी विचित्र मत लिहिलंय, वाचलंत का? मला तर दोन दिवस तो नवराच डोळ्यांसमोर येतोय. इतका राग यायचा त्याचा, आता कळेचना काय करावं!" मग म्हणाली, "लेखिका सगळी मतं वाचते हं. मुलाखतीत म्हणाली ती."

घरी येऊन मत काढून टाकायला बसलो. बोट बटणावर. नाही काढलं.

२० मार्च, शुक्रवार

ताईंचा फोन! सात वर्षांत पहिला. ना नमस्कार, ना कसे आहात.

"भाऊजी, ते तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"ती काल माझ्याकडे आली होती. दारातच ओरडायला लागली. तो कामावर गेला नव्हता का? ताई, तुला माहीत होतं का? मी काय सांगणार?"

"तुम्हीच म्हणाला होतात ताई, विषय काढू नका."

त्या रडायला लागल्या. "म्हणाले होते. एकदा म्हणाले होते, भाऊजी, त्या संध्याकाळपुरतं. तुम्ही ते जन्मभर धरून बसाल असं मला काय माहीत?"

त्यांना दोष द्यायला इतकी वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य. तेही गेलं हातातून.

२४ मार्च, मंगळवार

काही नाही. चार लिफ्ट तपासल्या. फोन शंभरदा पाहिला.

२७ मार्च, शुक्रवार

तिचा मेसेज. नंबर ओळखीचा नव्हता, पण ती. खाली नाव नाही.

"रविवारी सकाळी दहा. जागा कळव."

चारदा लिहून खोडलं. शेवटी रस्ता, फाटक, भिंत, ओळ, सगळं लिहून पाठवलं. 'मिळालं' एवढंच आलं उत्तर.

उद्या शर्ट धुवायचा.

२९ मार्च, रविवार

आली. एकटीच. मी भिंतीकडे बोट दाखवलं आणि लांब उभा राहिलो. ती खाली बसली, दोन्ही हात मातीवर ठेवून.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मुलगा होता की मुलगी?"

नऊ वर्षं! मला वाटलं होतं डॉक्टरांनी सांगितलं असेल. सगळे आपले 'बाळ' म्हणत राहिले.

"मुलगी," मी म्हटलं. "नाक तुझं होतं."