वणव्याच्या गाण्याची चाल

सर, तुमची मुलगी इथे दुबईत आहे. दर शनिवारी ती माझ्या पुढच्या रांगेत उभी राहून गाते. हे तुम्हाला कळवायला इतका उशीर झाला, कारण ती तुमचीच मुलगी आहे याची मला आधी खात्री करून घ्यायची होती. खात्री केल्याशिवाय मी काहीच लिहीत नाही. शब्द लिहून झाला की तो मनात पुन्हा वाचून बघतो, तुमची पट्टी अजून बोटांवर असल्यासारखं. नववीत शाळा सुटली तरी ही भीती सुटली नाही. तुम्ही मला दिलेली हीच एक वस्तू टिकली.

मी जबल अलीच्या एका गोदामात माल तपासतो. मी काम करताना गुणगुणतो हे आमच्या इंग्रज मॅनेजरने ऐकलं, आणि त्याच्या गायनमंडळात पुरुषांचे आवाज कमी होते म्हणून तो मला घेऊन गेला. अल बर्शातल्या एका शाळेची संगीताची खोली मंडळाला मिळते. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशीच उभा राहिलो. सगळे ऑफिसवाले, गाडीतून उतरणारे. मला वाटलं, आता मोठं काहीतरी गायला लावतील आणि मला घालवून देतील.

गाणं निघालं घोड्याचं. इंग्लंडच्या कुठल्याशा खेड्यातल्या बोलीत लिहिलेली जुनी कविता. गाडीवानाने घोडा विकलाय, सकाळी तो न्यायला माणूस येणार आहे, आणि गाडीवान त्याला घास घालता घालता बोलतोय. एका शिकलेल्या, शहरातल्या संगीतकाराने तिला पियानोवर चाल लावली आहे. पण सर, त्याने एकही शब्द बदललेला नाही. खेडूत जिथे अक्षर गिळतो, तिथे त्याने सूरसुद्धा आखूड केला आहे. मंडळ चालवणाऱ्या म्हाताऱ्या इंग्रज बाई म्हणाल्या, तुम्ही सगळे मीटिंगमधलं इंग्लिश गाताय, हा माणूस कधी मीटिंगला गेलेला नाही. मग म्हणाल्या की त्यांची आजी हेच बोलायची आणि शाळेत त्यासाठी मार खायची. संगीतकाराने याला धुतलेलं नाही, तुम्हीही धुवू नका. सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला तुम्ही आठवलात, आणि इतका राग आला की पुढची ओळ माझ्याच्याने गाववेना.

नववीतल्या स्नेहसंमेलनाचा दिवस. तुम्ही हार्मोनियमवर, मी माइकसमोर, माझा बापूस मागे भिंतीला टेकून उभा. गाणं त्याचं. वणवा डोंगरावरून उतरतोय आणि घरधनी त्याच्याशी बोलतोय. ते तुम्ही गणपतीत आमच्या वाडीच्या जाखडी नाचात ऐकलंत, आमच्या चुलीपाशी बसून त्याच्याकडून उतरवून घेतलंत आणि पेटीवर त्याला तुमची चाल लावलीत. माझ्या आवशीने तुम्हाला कोरा चहा दिला, कप आमच्याकडे एकच होता. 'थांब रं वनव्या, मना घर एकच हाय.' तुम्ही ते केलंत 'थांब रे वणव्या, मजला सदन एकच आहे.' सर, आमचं सदन नव्हतं. कुडाच्या भिंती होत्या. मी तुमची ओळ पाठ करून आलो होतो, पण समोर बापूस दिसला आणि तोंडातून त्याचीच ओळ आली. तुम्ही हार्मोनियमचा भाता सोडलात. सगळ्या गावासमोर म्हणालात, "हे तोंड गोठ्यात शोभतं. चल, घरी जा आणि गुरांना गाऊन दाखव."

जाखडीचा नियम तुम्हाला माहीत होता. समोरच्या फडाने टोमणा मारला की त्याच रात्री, त्याच चालीवर जबाब द्यायचा. नाही दिला तर तो फड हरला. माझा बापूस कधी हरला नव्हता. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही, मी हात धरला तसा निघाला. त्यानंतर तो नाचाला उभा राहिला नाही आणि मी शाळेत आलो नाही. पुढच्या वर्षी तुम्ही वारलात. वाडीतले सगळे पोचवायला आले. मी आंब्याच्या बागेत बसून राहिलो. तुम्ही जबाब न घेता निसटलात, याचाच मला संताप होता.

मागच्या शनिवारी बाईंनी विचारलं, तुमच्या कोणाच्या घरी अशी गाणी आहेत का, एक कार्यक्रमात घेऊ. तुमची मुलगी पुढे झाली. माझे वडील संगीत शिक्षक होते, म्हणाली, गावातल्या लोकांची गाणी ते जतन करायचे. आणि तिने तेच गायलं. सदनासकट. सगळ्यांना आवडलं. बाईंनी विचारलं, गावातले लोक असंच म्हणतात का? ती म्हणाली, हो, अगदी असंच.

मी म्हणालो, नाही.

मी खुर्चीला धरून उभा राहिलो आणि तुमच्याच चालीवर बापसाचे शब्द गायलो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. या वेळी कोणी थांबवलं नाही. बाईंना मराठीचं अक्षर कळत नाही, तरी त्या म्हणाल्या, हे घ्यायचं. तुमच्या मुलीचा चेहरा उतरला होता. दारात वाट बघणारा तिचा मुलगा म्हणाला, "मॉम, आर वी डन?" तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. मला हळूच विचारलं, "दादा, हे शब्द कोणाचे?"

"माझ्या वडिलांचे. तुमच्या वडिलांनी आमच्या घरी बसून घेतले."

"बाबा तर म्हणायचे, त्यांनीच..." तिथेच ती थांबली.

कार्यक्रमाच्या पत्रिकेत कवी आणि संगीतकार दोघांची नावं छापायची इथे रीत आहे. बाई पेन घेऊन उभ्या. मी बापसाचं नाव सांगितलं, एकेक अक्षर. मग त्यांनी विचारलं, चाल कोणाची? तुमची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने तुमचं नाव घेतलं नाही. शब्द घेतले तशी चालही घेतली असेल, असं तिच्या मनात आलं, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. मी म्हणालो, पारंपरिक. सर, बापसाचं नाव तुम्ही जितक्या सहज पुसलंत, तितक्याच सहज बाईंनी तो शब्द लिहून घेतला. परतीच्या मेट्रोत मी काचेकडे तोंड करून हसत होतो. घरी पोचेपर्यंत हसत होतो.

मग बापसाला फोन केला. म्हटलं, जबाब दिला. सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदा "बरा गायलास ना?" एवढंच विचारलं.  

"चाल त्याचीच व्हती रं," तो म्हणाला. "आमच्या नाचात तशी चाल न्हाय."

मी म्हटलं, मग तुम्ही त्या दिवशी त्याच चालीवर जबाब का दिला नाहीत? गावासमोर मला गोठ्यात घातलं त्याने.

"मना काय सुचलाच न्हाय. माजा गाना तसा कुनी कदी वाजवला न्हवता. मी निस्ता ऐकत ऱ्हायलो. तू पुडं काय बोललास, तो काय बोलला, ता मना मागनं कळला."

एवढी वर्षं मी समजत होतो की तो अपमानाने गप्प झाला. तुमच्यावरचा राग यामुळे कमी झालेला नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. उलट वाढला. माझ्या बापसाला तुम्ही इतकं सुंदर काही दिलंत आणि त्याच क्षणी माझं तोंड गोठ्यातलं ठरवलंत. दोन्ही एका हाताने कसं केलंत, ते मला कळत नाही.

पत्रिका अजून छापायला गेलेली नाही. तुमच्या मुलीचा मेसेज आला आहे. बाबांच्या वतीने माफी मागते, असं लिहिलंय. चाल तुमची आहे, सर. हे मी इथे लिहिलं. तिला आणि बाईंना हे अजून सांगितलेलं नाही.