‘ज्ञ’चं स्पेलिंग

३ नोव्हेंबर
पेन्शनसाठी हयातीचा दाखला यंदापासून ऑनलाइनच. बँकेत जाऊन सही केली की भागायचं, ते संपलं. परदेशीपुऱ्यातल्या कियोस्कवर गेलो. अंगठा लावला. हिरवा दिवा. काउंटरवरची चष्मेवाली बाई स्क्रीन बघत राहिली.
"बाबूजी, आप तो ज़िंदा हो. पर पेंशन वाले कोई और हैं."
आधारवर माझं ज्ञानेश्वर डी-एन-वायने. पेन्शनच्या कागदावर, म्हणजे मिलच्या नोंदीत, जी-वायने.
"एक ही नाम है."
"हिंदी में एक है. मशीन अंग्रेज़ी पढ़ती है."
तीस तारखेच्या आत झालं नाही तर पेन्शन थांबेल.

४ नोव्हें.
सुधाला सांगितलं. मेथी निवडत होती. "मग मी कुणाची मिसेस? डीवाल्यांची की जीवाल्यांची?" स्वतःच हसली. मग म्हणाली, "अहो, आधारच बदलून टाका ना. बाहेर सगळे ग्यानेश्वरजीच तर म्हणतात."
म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही.

७ नोव्हें.
आधार बदलायला जी-वायचा पुरावा लागतो. मॅट्रिकचं सर्टिफिकेट, पासबुक, सगळं डी-एन. जी-वायचा कागद एकच, पेन्शनचा. तो चालत नाही.

१० नोव्हें.
पेन्शन ऑफिस. नावदुरुस्तीचा फॉर्म मिळाला. खाली दोन सह्या. अर्जदाराची, आणि मिलच्या अधिकाऱ्याची, शिक्क्यासकट. खिडकीतल्या क्लार्कला म्हणालो,
"भिया, मिल तो कब की बंद हो गई."
"तो?"
"साइन कौन करेगा?"
"नौकरी आपने करी, हमने थोड़ी करी."
रांगेतला मागचा माणूस पुढे सरकला.

११ नोव्हें.
काही नाही.

१४ नोव्हें.
कियोस्कवर पुन्हा. बाई म्हणाली, "जिसने टाइप करा था, उसको पकड़ो."
म्हणालो, "पकड़ा है." तिला कळलं नाही.
मिल बंद झाली तेव्हा कामगारांची शेवटची यादी इंग्रजीत करायची होती. टाइम-ऑफिसचा, हाजिरी लावणारा बाबू मीच. साहेब म्हणाले, "ज्ञ का एक ही स्पेलिंग रखना." यादीत ज्ञ तीन. ज्ञानसिंह, ज्ञानचंद, मी. तिघांनाही जी लावला. खात्यातले माग बंद होते, टाइपरायटरचा आवाज फार मोठा यायचा. स्वतःच्या नावाशी थांबलो होतो का, आठवत नाही.

२६ नोव्हें.
कपाटात, जुन्या चष्म्यांच्या डब्यात, टाइम-ऑफिसचा शिक्का. शेवटच्या दिवशी खिशात राहिला. कुणाला परत करायचा, ते कुणी सांगितलं नाही. पॅड वाळलेलं. थेंबभर पाणी घातलं, कॅलेंडरच्या मागे उमटवून पाहिलं. मिलचं नाव आलं. शेवटचं अक्षर फिकट.
सुधा दारात. "अहो, हे चालतं का?"
"मिल होती तेव्हा चालायचं."
"तुम्ही तर कुणाची अर्ध्या तासाची हाजिरी खोटी लावली नाहीत."
"नाही लावली."

२९ नोव्हें.
फॉर्म भरला. अर्जदाराच्या जागी सही केली. देवनागरीत, नेहमीसारखी. दुसरी जागा कोरी. उद्या ऑफिस साडेदहाला उघडतं.
शिक्का टेबलावर पालथा ठेवला आहे. पॅड पुन्हा वाळलं होतं. आत्ता सुधा आली, पॅडवर पाण्याचा थेंब टाकून गेली.