टाकी फुल्ल

सोमवार, ३ मार्च
भाड्याची गाडी ताब्यात. लाल, चार दारांची. टाकी फुल्ल. परत देतानाही फुल्लच हवी, नाहीतर दंड. करारपत्र काउंटरवरच शेवटपर्यंत वाचलं. मागचे लोक उसासे टाकत होते. टाकोत.
देशभर पेट्रोलचं रेशनिंग. पर्यटकांना पासपोर्टवर कुपन, तेही फक्त विषम तारखेला. घाबरणारे घाबरोत, माझं प्लॅनिंग पक्कं आहे. ताईकडे जाऊन येण्यात एक टाकी संपणार. म्हणून निघण्याआधीच दुसऱ्या टाकीची सोय करायची.
संध्याकाळी ताईला फोन. सहा वर्षांत भेट नाही. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आवाजात अजून तोच दरारा. म्हणाली, शहाण्या, सरळ बसने ये, स्टँडवर घ्यायला येते. मागून भावोजी ओरडले, साहेबांना गाडी चालवता येते का ते विचार आधी! मग भाचीनं फोन हिसकावला. पाच वर्षांची आहे, मला फक्त फोटोत ओळखते. म्हणाली, मामा, लाल गाडीत मी पुढे बसणार. बसचा प्रश्न तिथेच मिटला. शुक्रवारी येतो म्हटलं.

बुधवार, ५ मार्च
कुपनावर माझ्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. दुरुस्त करून घेतलं. तोवर पंपाची रांग कोपऱ्यापलीकडे. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत नेली. लोक कौतुकानं बघत होते. मागे स्कूटरवर एक म्हातारा, जुना ट्रक ड्रायव्हर. बसायला स्टूल घेऊन येतो. विचारलं, पाहुणे, गाडी बिघडली का? म्हटलं, बचत. त्यानं स्टूल थोडं मागे सरकवलं.
टाकीत जेमतेम लिटरभर मावलं. उरलेलं डब्यात द्या म्हटलं, तर पंपवाला म्हणाला, पर्यटकांना डब्यात मिळत नाही. कुपनही आजच्यापुरतंच.

गुरुवार, ६ मार्च
सम तारीख. विश्रांती. गाडीत बसून आरसे जुळवले. पुढची सीट पुसली. समोरच्या दुकानदारानं विचारलं, विकायची आहे का?

शुक्रवार, ७ मार्च
पहाटे निघालो. AC बंद, रेडिओ बंद. शहराच्या वेशीवर काटा किंचित हलला. हायवेवरचा पहिलाच पंप बंद. धोका पत्करणं म्हणजे शौर्य नव्हे. परत आलो, रांगेत लागलो, टाकी भरली.
ताई फोनवर म्हणाली, छोटी सकाळपासून खिडकीत बसली आहे, तिला काय सांगू? म्हटलं, पेट्रोलची परिस्थिती समजावून सांग. फोन कट झाला. नेटवर्क असावं. मेसेज टाकला, रविवार नक्की.

रविवार, ९ मार्च
म्हाताऱ्यानं आज माझ्यासाठी दुसरं स्टूल आणलं. शेजारी शेजारी बसलो. या देशात मी पहिल्यांदाच कुणाच्या शेजारी बसलो. विचारलं, तुमची टाकी किती रिकामी? म्हणाला, भरलेलीच आहे हो. पण घरी बोलायला आहे कोण? मुलगी बसने तासाभरावर राहते, तिला वेळ नसतो, आणि मला रोज वाटतं, उद्या जाऊ.
त्याची फार कीव आली. माणसानं असं करू नये.
निघताना म्हणाला, पाहुणे, फिरायला आलात की रांगेत उभं राहायला? जा की बसने. विचार करतो म्हटलं. ताईला फोन केला नाही. ठोस काही ठरल्यावरच करावा.

मंगळवार, ११ मार्च
ताईचाच फोन. राहू दे रे, म्हणाली, उद्या तुझं विमान, उगाच धावपळ नको. म्हटलं, छोटी? म्हणाली, विसरली ती. मग भावोजी फोनवर आले. तयारीतच होतो, पण त्यांनी टोमणा मारलाच नाही. नीट जा, म्हणाले.

बुधवार, १२ मार्च
गाडी परत केली. एकही ओरखडा नाही. टाकी फुल्ल आहे, तपासून घ्या म्हटलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, रेशनिंग लागल्यापासून तो नियमच बंद आहे. काचेवर नोटीस आहे. होती. पहिल्या दिवशी मी त्या काचेलाच टेकून करारपत्र वाचलं होतं.
मुलीनं मीटर दोनदा बघितला. विचारलं, कुठे कुठे फिरलात? म्हटलं, इथेच, जवळपास.
गाडी लगेच एका कुटुंबानं घेतली. भरलेली टाकी बघून बाप हरखला. त्याची लहान मुलगी हट्ट करून पुढे बसली. पुढची सीट स्वच्छ होती.
चौकात ते डावीकडे वळले. ताईच्या गावाचा रस्ता तोच. इंडिकेटर दिला नाही.